तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीतील दावेदार कसा ओळखावा?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातील रस्त्यांवरून 'बजाज पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत धावली. रस्त्याच्या कडेला तासभर थांबलेल्या प्रेक्षकासमोरून सायकलपटूंचा घोळका अर्ध्या मिनिटात निघून जातो. रंगीत जर्सी, चाकांचा सरसर आवाज आणि मागोमाग संघांच्या मोटारी, एवढेच दृश्य पदरात पडते. मनात मात्र एक प्रश्न राहतो : यातला जिंकणार कोण?

पाच दिवसांच्या शर्यतीत हा प्रश्न अवघड असतो. युरोपातील तीन आठवड्यांच्या महाशर्यतींत तो एक स्वतंत्र अभ्यासविषयच होतो. फ्रान्स, इटली व स्पेन या देशांतील या शर्यती आता आपल्याकडेही आवडीने पाहिल्या जातात. मात्र आवडत्या खेळाडूचे नाव घेणे वेगळे आणि दावेदार ओळखणे वेगळे. त्यासाठी कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याची ही ओळख.

शर्यतीचे स्वरूप

'टूर द फ्रान्स' १९०३ मध्ये, इटलीची 'जिरो' १९०९ मध्ये, तर स्पेनची 'व्हुएल्टा' १९३५ मध्ये सुरू झाली. आजच्या स्वरूपात प्रत्येक शर्यत साधारणपणे २१ टप्प्यांची असते. विश्रांतीचे दोन दिवस धरून ती २३ दिवस चालते आणि एकूण अंतर तीन हजार किलोमीटरांहून अधिक भरते. प्रत्येक टप्प्याला लागलेल्या वेळेची बेरीज केली जाते आणि ज्याचा एकूण वेळ सर्वांत कमी, तो विजेता. फ्रान्समध्ये आघाडीवीराला पिवळी, इटलीत गुलाबी, तर स्पेनमध्ये २०१० पासून लाल जर्सी मिळते.

सगळे मर्म या बेरजेत आहे. एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकता येते आणि पाच टप्पे जिंकूनही पहिल्या पन्नासांत नाव न येणे शक्य असते. सपाट रस्त्यावरील अखेरच्या झेपेत पटाईत असलेला वेगवान सायकलपटू घाटात वीस-वीस मिनिटे गमावतो. म्हणूनच पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्रांचे मथळे ज्याच्या नावाने झळकतात, तो बहुधा दावेदार नसतो. वाईट दिवशीही ज्याचे नुकसान मर्यादित राहते, तो दावेदार. या लेखातील पुढील सारे निकष या एका कसोटीकडेच येतात.

बोरघाटापासून आल्प्सपर्यंत

घाटाचे महत्त्व पिंपरी-चिंचवडकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीची परंपरा गेल्या शतकातील चाळिशीच्या दशकापर्यंत मागे जाते. बोरघाट चढून लोणावळा, वडगाव, तळेगाव, देहूरोड असे करत सायकलपटू निगडी, आकुर्डी, चिंचवड, पिंपरीवरून पुण्यात उतरत. घाट सर्वांत आधी सर करणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळे. मात्र घाटाचा राजा शर्यतीचाही राजा ठरेलच असे नसे. घाटमाथ्यानंतरही साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता उरत असे आणि तेथे मागून येणारी टोळी एकट्या वीराला गाठू शकत असे.

तीन आठवड्यांच्या शर्यतीचा नकाशा वाचताना नेमके हेच पाहावे. घाट किती आहेत यापेक्षा ते कोठे आहेत, हे महत्त्वाचे. टप्प्याचा शेवट घाटमाथ्यावर होत असेल, तर चढाईत मिळवलेली आघाडी तशीच हाती राहते. घाटानंतर लांब उतार आणि सपाटी असेल, तर ती वितळून जाते.

उंचीचा फरकही ध्यानात घ्यावा. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत बोरघाट सुमारे पाचशे मीटर चढवतो. फ्रान्समधील प्रसिद्ध आल्प द्युएझची चढाई १३.८ किलोमीटरची, सरासरी ८.१ टक्के चढाची आणि २१ वळणांची आहे. तेथे एका दमात अकराशे मीटरांहून अधिक उंची गाठावी लागते. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच, तर फ्रान्समधील गॅलिबिए खिंडीतील रस्ता २६४२ मीटरवर. अशा उंचीवर विरळ हवेमुळे प्राणवायू कमी पडतो आणि इतरत्र बरोबरीचे वाटणारे सायकलपटू तेथे वेगळे पडू लागतात.

नकाशातील दुसरा घटक म्हणजे टाइम ट्रायल. येथे प्रत्येक जण एकटा निघतो. पुढच्याच्या आडोशाला राहून वारा चुकवण्याची सोय नसते. २०१२ च्या टूरमध्ये अशा शर्यतींचे अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक होते आणि विजेता ठरला टाइम ट्रायलमधील निष्णात ब्रॅडली विगिन्स. २०१५ मध्ये वैयक्तिक टाइम ट्रायल अवघी १३.८ किलोमीटरची होती. त्या वर्षी कोलंबियाचा चढाईबहाद्दर नैरो किन्ताना विजेत्या क्रिस फ्रूमपासून केवळ १ मिनिट १२ सेकंदांवर राहिला. दावेदारांची यादी करण्याआधी मार्ग पाहायचा तो यासाठी. मार्ग बदलला की यादीही बदलते.

शरीराचा हिशेब

चढावर सायकलपटूला मुख्यतः गुरुत्वाकर्षणाशी झगडावे लागते, म्हणून शक्ती आणि वजन यांचे गुणोत्तर महत्त्वाचे ठरते. अव्वल दावेदार मोठ्या घाटात अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ शरीराच्या प्रत्येक किलोमागे सहा वॉट अथवा जास्त शक्ती लावू शकतो. म्हणजे साठ किलोचा सायकलपटू ३६० वॉट एवढा जोर सतत देत असतो. नियमित सराव करणाऱ्या हौशी सायकलपटूला तीन-चार वॉटच्या पुढे फार वेळ टिकता येत नाही. सपाट रस्त्यावर मात्र वजनापेक्षा वाऱ्याचा अडथळा मोठा असतो. तेथे अधिक वजनाचा, अधिक ताकदीचा सायकलपटू पुढे जातो. सर्वसाधारण विजेतेपदासाठी या दोन्ही कसोट्यांना उतरणारे शरीर लागते आणि असे सायकलपटू जगात एका वेळी मोजकेच असतात.

पण हे आकडे ताज्या पायांचे असतात. चाकणच्या कारखान्यातील कोणताही तंत्रज्ञ सांगेल, की यंत्राची खरी परीक्षा पहिल्या तासात होत नाही. सलग भार दिल्यावर ते कसे चालते, हे पाहावे लागते. मोठ्या टप्प्याच्या दिवशी सायकलपटू पाच-सहा हजार कॅलरी खर्च करतो. रात्रीतून ती तूट भरून काढून सकाळी पुन्हा उभे राहणे, हे तिसऱ्या आठवड्यातील खरे कौशल्य. पोटाचा बिघाड, एक सर्दी किंवा दोन रात्रींची अपुरी झोप दोन वर्षांच्या तयारीवर पाणी फिरवू शकते.

२०२३ च्या टूरमध्ये पंधरा टप्प्यांनंतर योनास विंगेगार आणि तादेइ पोगाचार यांच्यात फक्त दहा सेकंदांचे अंतर होते. सोळाव्या टप्प्यातील टाइम ट्रायलमध्ये विंगेगारने ते १ मिनिट ४८ सेकंदांवर नेले आणि दुसऱ्याच दिवशी कोल द ला लोझच्या चढावर पोगाचार पूर्णपणे कोसळला. अखेरचे अंतर होते ७ मिनिटे २९ सेकंद. दोघांच्या ताकदीत एवढा फरक खचितच नव्हता. दोन दिवसांत साचलेला थकवा घड्याळावर उमटला होता.

म्हणून खेळाडूची जुनी कामगिरी पाहताना त्याने याआधी तीन आठवड्यांची शर्यत पूर्ण केली आहे काय आणि केली असल्यास शेवटच्या सहा दिवसांत त्याचा क्रम वर गेला की खाली आला, हे तपासावे. एका आठवड्याच्या शर्यतींत सातत्याने चमकणारी अनेक नावे या एका निकषावर गळतात.

संघाचे बळ

सायकल शर्यत वैयक्तिक दिसते, पण ती जिंकतो संघ. २०१८ पासून या शर्यतींत प्रत्येक संघात आठ सायकलपटू असतात. दुसऱ्याच्या मागे राहिल्याने सपाटीवर सुमारे एक तृतीयांश श्रम वाचतात. त्यामुळे सहकारी आलटून पालटून पुढे राहून वारा अंगावर घेतात, पाण्याच्या बाटल्या आणतात, प्रसंगी आपले चाकही नेत्याला काढून देतात.

२०२५ च्या जिरोने याचे अप्रतिम उदाहरण घालून दिले. शेवटून दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा तरुण इसाक देल टोरो गुलाबी जर्सीत होता. रिचर्ड कारापाझ ४३ सेकंदांनी, तर सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंदांनी मागे होता. कोले देल्ले फिनेस्त्रेच्या चढावर येट्सने हल्ला चढवला. मागे देल टोरो आणि कारापाझ एकमेकांवर नजर ठेवत राहिले. घाट उतरताच येट्सला त्याचा सहकारी वाउट व्हान आर्ट भेटला. तो सकाळीच पुढच्या टोळीतून निघून याच क्षणासाठी तेथे पोहोचलेला होता. त्याने दरीतील सपाट रस्त्यावर येट्सला ओढत नेले आणि येट्सने शर्यत ३ मिनिटे ५६ सेकंदांच्या फरकाने जिंकली. २०१८ मध्ये याच चढावर येट्सने गुलाबी जर्सी गमावली होती, हे विशेष.

पूर्वतयारीच्या शर्यती

जुलैतील टूरचा अंदाज बांधताना जूनमधील एका आठवड्याच्या शर्यतींकडे सर्वांचे लक्ष असते. त्यांतील, २०२५ पर्यंत 'दोफिने' या नावाने झालेली फ्रान्सच्या डोंगराळ भागातील शर्यत सर्वांत विश्वासार्ह मानली जाते. तिचा पुरावा तपासून पाहता येतो. २०१२ ते २०२५ या चौदा वर्षांत दोफिने आणि टूर या दोन्ही शर्यती एकाच सायकलपटूने जिंकल्या, असे सात वेळा घडले : विगिन्स (२०१२), फ्रूम (२०१३, २०१५ व २०१६), गेरेंट थॉमस (२०१८), विंगेगार (२०२३) आणि पोगाचार (२०२५). उरलेल्या सात वर्षांत हा संकेत चुकला.

अर्थात, निम्म्या वेळा बरोबर ठरणारा संकेत दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण डोळे मिटून विसंबावे असाही नाही. कित्येक नेते जूनमध्ये मुद्दाम पूर्ण ताकद लावत नाहीत. तेव्हा अशा शर्यतीत क्रमांक पाहू नये. शेवटच्या दोन डोंगरी दिवसांत खेळाडू कसा चढला आणि त्याचे सहकारी घाटात कोठपर्यंत त्याच्या सोबत राहिले, हे पाहावे.

अंदाज कोठे चुकतात?

पहिले कारण अपघात. २०१४ च्या टूरमध्ये फ्रूम आणि अल्बेर्तो कोन्तादोर हे दोन्ही प्रमुख दावेदार पडून बाहेर गेले व विन्चेन्झो निबाली जिंकला. प्रिमोझ रोग्लिचला २०२१, २०२२ व २०२४ अशा तीन वेळा अपघातानंतर टूर अर्धवट सोडावी लागली.

दुसरे कारण म्हणजे निसटू दिलेली टोळी. १९५६ मध्ये रोजे वाल्कोवियाक हा फारसा परिचित नसलेला फ्रेंच सायकलपटू अशाच एका मोठ्या टोळीतून पुढे गेला आणि एकही टप्पा न जिंकता टूरचा विजेता ठरला. २००६ मध्ये ऑस्कर पेरेइरोला एका टप्प्यात सुमारे अर्ध्या तासाची आघाडी घेऊ दिली गेली. २०२३ च्या व्हुएल्टामध्ये सेप कसने सहाव्या टप्प्यात पुढच्या टोळीतून वेळ मिळवला. त्याच वर्षी जिरोत रोग्लिचसाठी आणि टूरमध्ये विंगेगारसाठी राबलेला हा मदतनीस स्पेनमध्ये त्या दोघांनाही मागे टाकून जिंकला. यादीत एक जागा अशा 'दुसऱ्या' माणसासाठी मोकळी ठेवावी.

तिसरे कारण शेवटचा दिवस. १९८९ मध्ये ग्रेग लेमाँड अखेरच्या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलला निघाला, तेव्हा लॉराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता. शर्यत संपली तेव्हा लेमाँड आठ सेकंदांनी विजेता होता. २०२० मध्ये पोगाचारने उपांत्य दिवशी रोग्लिचची ५७ सेकंदांची आघाडी पुसून ५९ सेकंदांनी टूर जिंकली.

चौथे कारण अप्रिय आहे, पण ते वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ही सात विजेतेपदे उत्तेजक द्रव्यांच्या सेवनामुळे २०१२ मध्ये रद्द झाली. २००६ चा विजेता फ्लॉइड लँडिसही अपात्र ठरला आणि ते विजेतेपद पेरेइरोकडे गेले. त्या वर्षांतील आकड्यांवरून आजचे ठोकताळे बांधू नयेत.

पुण्याच्या शर्यतीचा धडा

पुणे ग्रँड टूर १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात झाली. साडेसात किलोमीटरची सलामी आणि चार टप्पे मिळून अंतर ४३७ किलोमीटर होते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने तिला २.२ श्रेणी दिली होती. यातील पहिला आकडा शर्यत अनेक टप्प्यांची असल्याचे सांगतो, तर दुसरा तिचा दर्जा. या श्रेणीत जगातील अव्वल गटाचे संघ उतरत नाहीत. न्यूझीलंडच्या लूक मडग्वेने विजेतेपद मिळवले.

अशा छोट्या शर्यतीला युरोपीय महाशर्यतीचे निकष जसेच्या तसे लावणे चूक. पाच दिवसांत थकवा साचायला वेळ मिळत नाही. मार्गात अखेरच्या मोठ्या घाटमाथ्याऐवजी सपाटी असेल, तर मोठा घोळका एकत्रच पोहोचतो आणि त्या सर्वांना एकच वेळ दिला जातो. मग टप्प्यातील पहिल्या तिघांना मिळणारे बोनस सेकंद निर्णायक ठरतात. म्हणून येथे दावेदार शोधताना घाटातील हलक्या चढाईबहाद्दरापेक्षा चढ सोसून शेवटी वेगाने झेपावणारा सायकलपटू आधी पाहावा.

भारतीय नाव यादीत केव्हा?

आजवर एकाही भारतीयाने टूर द फ्रान्समध्ये भाग घेतलेला नाही. याचे कारण चिकाटीचा अभाव हे खचित नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. मात्र झोप मारून अखंड चालवणे आणि रोज घोळक्यात लढून रात्री सावरणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरी विद्या शर्यतींतूनच शिकता येते आणि तशा शर्यती आपल्याकडे नव्हत्या.

कोलंबियाचा इतिहास येथे मार्गदर्शक आहे. त्या देशाने १९५१ मध्ये स्वतःची राष्ट्रीय टप्पा-शर्यत सुरू केली. १९८३ मध्ये त्यांचा हौशी संघ टूरमध्ये उतरला. पुढच्याच वर्षी लुईस हेरेराने आल्प द्युएझचा टप्पा जिंकला आणि १९८७ मध्ये व्हुएल्टाही. टूरचे विजेतेपद एगान बेर्नालच्या रूपाने मिळाले ते २०१९ मध्ये, म्हणजे पहिल्या घरच्या शर्यतीनंतर ६८ वर्षांनी. पुण्याच्या शर्यतीचे मोजमाप याच पट्टीने करायला हवे. ती एकदा झाली, याला फार अर्थ नाही. ती दरवर्षी होत राहिली आणि तिच्या भोवती कुमार गटाच्या शर्यती उभ्या राहिल्या, तरच अर्थ आहे.

यात पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्याचा वाटा मोठा असू शकतो. एके काळी पाळी सुटली की कारखान्यांच्या फाटकांतून सायकलींचा लोंढा बाहेर पडणारे हे शहर आहे. पुढे याच पट्ट्याने देशाला दुचाक्या व मोटारी पुरवल्या आणि सायकल रस्त्याच्या कडेला ढकलली गेली. आज तळेगाव-चाकण रस्त्यावर अवजड वाहनांच्या रांगांतून सोळा वर्षांच्या मुलाने पहाटेचा सराव करावा, असे कोणताही पालक म्हणणार नाही. दावेदार घडायला दहा वर्षे लागतात आणि त्या दहा वर्षांतील प्रत्येक सकाळी त्याला घरी सुखरूप परतता आले पाहिजे.

चौकट : यादी करताना विचारायचे सात प्रश्न

१. घाटमाथ्यावर संपणारे टप्पे किती आणि त्यांतील किती तिसऱ्या आठवड्यात?

२. टाइम ट्रायलचे एकूण अंतर किती? ती सपाट आहे की चढाची?

३. खेळाडूने तीन आठवड्यांची शर्यत यापूर्वी कोणत्या क्रमांकावर संपवली?

४. शेवटच्या सहा टप्प्यांत त्याने वेळ मिळवला की गमावला?

५. मोठ्या घाटात त्याच्यासोबत राहू शकणारे सहकारी किती?

६. त्याच वर्षी तो दुसरी मोठी शर्यत खेळला आहे काय? जिरो आणि टूर एकाच वर्षी जिंकणे १९९८ मधील मार्को पान्तानीनंतर २०२४ मध्ये पोगाचारलाच साधले.

७. त्याच्या संघात दुसरा नेता आहे काय आणि वेळ आल्यास कोण कोणासाठी थांबेल?

या प्रश्नांची उत्तरे लिहून काढली, की पावणेदोनशेच्या आसपास सायकलपटूंतून पाच-सहा नावे उरतात. त्यांतून एक निवडण्याची घाई पहिल्या आठवड्यात करू नये. दुसरा विश्रांतीचा दिवस उलटून पहिला मोठा घाट लागेपर्यंत थांबावे. त्या दिवशी पुढे कोण गेला याबरोबरच मागे पडूनही कोणी आपले नुकसान अर्ध्या मिनिटावर रोखले, ते टिपून ठेवावे.